बुजवलेल्या दाराची मोजणी

तीर्थरूप आप्पा,

आज सकाळी कोल्हारला तुमचं वर्षश्राद्ध झालं. भावकी जेवून आपापल्या वाटेनं गेली आणि मी संगमनेरला येऊन आपल्या घराचं कुलूप काढलं. टीव्हीखालच्या कप्प्यात तुमची खेळाची वही होती. वर्षभर तिला हात लावायचा धीर झाला नव्हता. आज लावला, म्हणून लिहितोय. नाहीतर तुम्हाला पत्र लिहिणारा मी कोण? तुम्ही होतात तेव्हा फोनवर चार वाक्यं बोलायची म्हटली तरी माझ्या जिवावर यायचं.

आई गेली त्या वर्षी दिवाळीत मी माझं जुनं गेमचं मशीन आणून तुमच्या टीव्हीला जोडलं. "तेवढाच वेळ जाईल तुमचा," म्हणालो. खरं सांगू? मला तुमची सोबत करायची नव्हती, तुमची सोय लावायची होती. तुम्ही ते ओळखलंत का हो? बोलला तर नाहीत.

त्यात एकच खेळ होता. पाण्यात बुडालेलं जादूचं राज्य, दोन राजे, सख्खे भाऊ, आणि एक ओसाड किल्ला. तिथं काय घडलं ते कुणीच सांगत नाही. एखाद्या अंगठीच्या चित्राखाली दोन ओळी, एखादा डोकं उडवलेला पुतळा, आणि बाकीचं ज्याचं त्यानं जुळवायचं. मी तो दोन दिवसांत वैतागून सोडला होता. तुम्हाला दिला तो काय, तर वापरात नव्हता म्हणून.

आणि तुम्ही काय करावं? राक्षसांना वळसा घालून किल्ल्याची मोजणी काढलीत. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस तुम्ही. पावलं मोजत तटाला चक्कर मारलीत आणि दुसऱ्याच दिवशी मला फोन. "म्हेशा, पश्चिमेची बाजू आखूड भरती रं. कुणीतरी आत सरकून बांधलंय. ह्ये अतिक्रमन हाय." मी ऑफिसात एकटाच हसत बसलो होतो. त्या हसण्यात कौतुक किती होतं आणि टिंगल किती, हे आता विचारू नका.

मग रोज संध्याकाळी साडेसातला तुमचा फोन यायला लागला. रोज एक प्रश्न. राणीची खुर्ची रिकामी, पण तिच्यावर धूळ का नाही? विहिरीच्या पायऱ्या एकाच बाजूला का झिजल्या? धाकट्या भावाचं नाव सगळीकडून खरवडलंय, मग घंटेवरच तेवढं का ठेवलं? मी निम्मं लक्ष देऊन काहीतरी उत्तर द्यायचो. तुम्ही "बरं बरं" म्हणायचात. मग जेवलास का, पुण्यात पाणी आलं का, आणि फोन खाली.

आपलं भांडण आठवतं? पुण्याच्या कंपनीत मी खेळांतले संवाद लिहितो आणि आमच्याकडे पहिला नियम असा की खेळणाऱ्याला काही शोधायला लावायचं नाही. माझ्या खेळात एक परी सतत बाजूला उडत असते आणि पुढं काय करायचं ते सांगते. तुम्ही तो एकदा खेळलात आणि म्हणालात, "लई बोलती रे तुझी परी. मान्साला जरा बघू तर दी."

मी चिडलो. "लपवून ठेवलेली गोष्ट ही गोष्टच नाही आप्पा. शंभरातल्या नव्वदांना ती कळत नाही. सांगायचं असेल तर सरळ सांगावं. नाहीतर तो लिहिणाऱ्याचा आळस."

"आरं, पन समदं पुढ्यात मांडून ठिवलंय की त्येनं. खर्ड्याला मोजनीला गेल्तो तवा दोन भाऊ समोरासमोर उभे. तोंडातनं शब्द न्हाई. पन बांधावर दोघांनी बाभळी लावलेल्या, येकमेकाचं तोंड दिसू नये म्हनून. आता त्यांनी सांगायचं काय ऱ्हायलं?"

"आणि तुम्ही त्या बाभळींकडे पाहिलंच नसतं तर?"

"मग न्हाई कळलं आसतं," म्हणालात. मला वाटलं, मी जिंकलो.

आता त्या दिवसाबद्दल. आमचा नवा खेळ बाजारात जायचा होता, सगळे एकमेकांवर खेकसत होते आणि बरोबर साडेसातला तुम्ही. "म्हेशा, त्यो तळघरातला दरवाजा बुजवलाय बघ, त्यो थोरल्यानं बुजवला का धाकल्यानं? काय वाटतं तुला?" मी म्हणालो, "एक मिनिट थांबा," आणि कुणीतरी केलेला एक लांबलचक व्हिडिओ तुमच्या मोबाईलवर पाठवून दिला. राज्य का बुडालं, कोण मेलं, दार कुणी बुजवलं, सगळं त्यात उलगडून सांगितलेलं. "हे बघा म्हणजे एकदाच सगळं कळेल. रोज रोज विचारत बसायला नको."

तुम्ही म्हणालात, "बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी साडेसातला फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आणि आप्पा, मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पुढं तुम्ही फक्त रविवारी करायला लागलात. ठीक आहेस ना, ठीक आहे. खेळाचं तुम्ही काढलं नाहीत, मीही नाही. चार महिन्यांनी एका सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला, की तुम्ही पेपर मांडीवर घेऊन खुर्चीतच गेलात.

वर्षभर मी हेच धरून बसलो होतो की मी तुमच्या खेळाचा शेवट सांगून टाकला आणि तुमचा विरस केला. तेवढीच माझी चूक. वही उघडेपर्यंत.

मोजणीच्या वहीसारखीच ही वही. प्रत्येक जागेचा नकाशा, चतुःसीमा. पूर्वेस पडकं घंटाघर, पश्चिमेस पाणी, उत्तरेस रस्ता, तोही पाण्यात. प्रत्येक नकाशाखाली तुमच्या बारीक अक्षरात प्रश्न, उत्तर आणि तारखा. सरकारी सवय, नोंद केली की तारीख टाकायची. राणीची खुर्ची: उलगडा झाला, ता. ४. त्याच्याच खाली: म्हेशास विचारले, ता. ९.

मला वाटलं, लिहिताना चुकलं असेल. मग पुढचं पान पाहिलं. मग सगळीच पाहिली. एकही प्रश्न असा नाही की जो तुम्ही आधी सोडवला नव्हतात. उत्तर हातात असताना तुम्ही मला विचारत होतात. माझी ती अर्धवट, चुकीची उत्तरं ऐकून "बरं बरं" म्हणत होतात.

दरवाजाचंही होतं. "फटीतून पाहता गिलावा आतल्या बाजूने सफाईने केलेला. बाहेरून नुसत्या विटा, चुना ओघळलेला. सबब बांधणारा आत होता. धाकट्याने स्वतःस कोंडून घेतले." खाली म्हेशास विचारले, आणि त्या दिवसाची तारीख. त्यापुढे दोन वाक्यं जास्तीची. "म्हेशाने चित्रफीत पाठवली, पाहिली नाही. त्याला कामे असतात."

एवढंच. काकू चहा घेऊन आल्या तर त्यांना दार उघडायलाही उठलो नाही. माझ्यावर चिडून चार ओळी लिहिल्या असत्यात तर बरं झालं असतं.

आप्पा, आता मीही थोडं बोलतो, रागावू नका. सरळ का नाही सांगितलंत? "म्हेशा, घर खायला उठतं रे, येऊन जा," एवढं म्हणायला काय झालं होतं? तीन तासांचा तर रस्ता. अंगठीखालच्या दोन ओळींवरून गोष्ट जुळवायला तुम्हाला जमलं. मला ते जमत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. मी तोंडावर सांगितलं होतं. तरी माझ्यासाठीच तुम्ही असं लपवून ठेवलंत? अशी गोष्ट खेळात चालते, हे मी आज मान्य करतो. तुम्ही जिंकलात. पण खेळातला किल्ला वर्षानुवर्षं थांबून राहतो, कुणीतरी नीट बघेपर्यंत. तुम्ही कुठं थांबलात?

नाही, हेही खरं नाही. रोज साडेसातला तुम्ही पुढ्यात मांडून ठेवत होतात. बाभळींकडे मीच पाहिलं नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर मथळा आहे, "म्हेशास विचारायचे". खाली अकरा प्रश्न. सगळ्यांपुढे उलगडा झाल्याची तारीख आहे, दरवाजाचा फोन केलात त्याच्या आधीच्या आठवड्यातली. विचारल्याची तारीख एकाहीपुढे नाही. अकरा संध्याकाळी तुम्ही माझ्यासाठी बाजूला काढून ठेवल्या होत्यात.

तर आता माझा शब्द. तो व्हिडिओ मी पुन्हा बघणार नाही. पुढचे अकरा दिवस रजा टाकून इथंच राहतो. तुमची उत्तरं मी कागदानं झाकून ठेवली आहेत. रोज एका जागेवर जाईन, पावलं मोजीन, भिंती बघीन. मशीन मघाशी लावलं, तर तुम्ही त्या बुजवलेल्या दारासमोरच उभे आहात, तिथूनच निघतो. आणि साडेसात वाजले की खुर्ची ओढून तुमच्या फोटोसमोर बसेन आणि त्या दिवसाचा प्रश्न तुम्हाला विचारीन. उत्तर सापडलेलं असलं, तरी विचारीन.

तुमचा,
म्हेशा