फिल्टरचं हँडल कोण फिरवते

२१ एप्रिल
पोहायच्या टँकचं पाणी आजही दुधाळ. खोल बाजूचा तळ दिसत नाही. मी शिकवते ती बायाईची बॅच उतरवली खरी, पण पुष्पाताईंचे डोळे लाल झाले, दोघीतिघींच्या अंगाले खाज. पुष्पाताई नातवंडवाल्या. परवा पहिल्यांदा काठ सोडून तरंगल्या नि पाण्यातच रडल्या. त्या घाबरल्या म्हणजे बाकीच्या गेल्याच समजा.
क्लबचे सेक्रेटरी काठावर उभे राहून हसून राहिले. "मॅडम, बायाईचं तेल, पावडर, केस. फिल्टर तरी काय करन?" आमी टोप्या घालून, अंग धुऊन उतरतो. आमच्या आधीचे पुरुष घामेजल्या अंगानं धपाधप उड्या मारतात, त्याईले कोणी चकार शब्द बोलत नाही. या माणसाले आमची वेळ त्याच्या दोस्ताईसाठी पाहिजे. मले काय समजत नाही?

२३ एप्रिल
पंपरूममध्ये जाऊन पाहिलं. फिल्टरच्या टाकीवरचा दाबाचा काटा चढलेला. म्हणजे आतली रेती मळानं भरली. व्हॉल्व्हचं हँडल फिरवून, तिच्यातून उलटं पाणी सोडून, मळ नालीत काढून टाका लागते, तोच बॅकवॉश. ऑपरेटर देविदासले विचारलं, "बॅकवॉश करतं का नाही?"
"रोज करतो न ताई."
माझ्याकडे न पाहता बोलला. रोज करते त काटा काहून उतरत नाही?
बाबा तिथंच लिंबाखाली खुर्ची टाकून. आई गेल्यावर त्याईले अकोल्याहून इथं अमरावतीले आणलं, त घरी नुसते भिंतीकडे पाहत बसत. आता रोज माझ्या स्कूटीवर मागं बसून येतात, देविदाससंग गप्पा हाणतात. आज पंपाचा आवाज ऐकून मले म्हणे, "बेअरिंग वाजून राहिलं वं." जन्म पाणीपुरवठ्यात गेला, व्हॉल्व्हमन होते. चेहऱ्यावर जरा रया आली. तेवढं तरी बरं चाललं.

२६ एप्रिल
आज पाण्यातून देविदासवर नजर ठेवली. त्यानं बॅकवॉश लावला नि लगेच मागच्या भिंतीकडे निघून गेला. तिकडे काय ठेवलं आहे? थोड्या वेळानं फिल्टरचं पाणी ज्या भोकातून टँकमध्ये परत येते, तिथून मातकट ढग आला, सरळ पुष्पाताईंच्या तोंडावर. माय वं! बाईनं अशी किंकाळी फोडली.
निघताना पाहिलं त सेक्रेटरीचा हात दे.च्या खांद्यावर. कुठंतरी पाणी मुरते. आमची बॅच बंद पाडायचा डाव आहे नि हा बावळट त्याच्यात सामील.
बाबाले विचारलं, तुमी तिथंच बसता, देविदास काम करते का बराबर?
"पोरगा कामाचा हाय. पन पान्याची कदर नाही त्याले."
पाहा. बाबाच्याही ध्यानात आलं.

३० एप्रिल
सेक्रेटरीनं ऑफिसात बोलावून सांगितलं: अकोल्याहून मेकॅनिक येते. पाणी निवळलं नाही त बायाईची बॅच बंद. किती गोड आवाजात सांगते मेला! मी म्हनलं, आधी तुमचा माणूस तपासा, मग आमचे केस.

२ मे
मेकॅनिकनं फिल्टरचा व्हॉल्व्ह खोलला. आतला रबर फाटलेला. त्याच्यामुळं मळकं पाणी रेतीत न जाता सरळ टँकमध्ये. म्हणे, "चालू मोटरवर हँडल फिरवलं कोनंतरी. मोटर बंद केल्याबिगर याले हात लावाचाच नसते."
सगळे दे.कडे पाहू लागले. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा लिंबाकडे, नि मान खाली घातली. चोराच्या मनात चांदणं. माझं डोकंच फिरलं. "याची नियतच खराब आहे," म्हनलं, सगळ्याईसमोर. "मुद्दाम केलं यानं." तो पंपरूमची किल्ली से.च्या टेबलावर ठेवून निघून गेला. सायकलची चेन उतरली होती, ती लावत बसला फाटकापाशी, तेव्हा जरा कसंतरीच वाटलं.
से. म्हणे, ऑपरेटर तुमच्या सांगण्यावरून गेला, आता फिल्टर तुमच्याकडे. पुन्हा गढूळ झालं त बॅच विसरा. म्हनलं, चालन. भेते काय मी?

६ मे
नवा रबर. पाणी काचेसारखं! तळाच्या फरशीचे सांधे दिसतात. पुष्पाताई अर्धी लांबी तरंगत गेल्या. सगळ्या टाळ्या वाजवून राहिल्या. मी म्हनलंच होतं.
बाबाची तब्येत तोळामासा होती म्हणून दोनतीन दिवस घरीच होते. चिडचिड चालू. "देविदास नाही त करमत नाही बाप्पा." उद्यापासून येतो म्हणतात.

९ मे
आज बॅकवॉश लावला. पाणी साफ आलं का ते दाखवणारी व्हॉल्व्हची काच पिवळी पडली, काही दिसत नाही. म्हणून मागच्या भिंतीपाशी नालीवर जाऊन पाहा लागते. म्हणजे दे. तिकडे याच्यासाठीच... नालीत काळं पाणी धो धो येऊन राहिलं होतं. एकाएकी बंद. लाइट गेली म्हणावं त मोटरचा आवाज चालूच. पळत आली.
बाबा. दोन्ही हातानं हँडल दाबून फिरवलेलं. कपाळावर घाम, चेहरा खुश.
"किती पानी फेकतं वं! अकोल्यात नळ येते त लोकं हंडे-बकेटा भरून ठेवतात, अन् तुमी नालीत सोडून राहिले? बंद केलं म्या."
"याच्या आधीही करत होते तुमी?"
"रोजच. तो पोरगा मांगं गेला का मी बंद करून टाको. व्हॉल्व्ह काय मले नवा हाय?"
काखेत कळसा नि गावाले वळसा. नि कोणाले काय काय बोलून बसली मी!
दुपारपर्यंत तळ दिसेनासा झाला. नवा रबरही गेला.

१० मे
नांदगाव पेठेले गेली, दे.च्या घरी. खाटेवर बसवलं, बायकोनं चहा दिला. त्या माउलीच्या तोंडाकडे पाहवेना. सगळं सांगितलं. त्याले आधीच माहीत.
"म्या बाबाले म्हनलं होतं, मोटर बंद करा, मंग हात लावा. त म्हने, तू मले शिकवतं काय बे?" जरासा हसला.
"मले काहून नाही सांगितलं?"
"पयले वाटलं, म्हातारं मानूस हाय, येनं बंद करान तुमी त्याईचं. मंग तुमी साऱ्याईसमोर माही नियत काढली. त्याच्यावर म्या तुमच्या बापाचं नाव घेतलं असतं, त मानलं असतं तुमी?"
नसतं मानलं. त्याले म्हनलं, परत ये.
परत यायले तयार आहे. पण क्लबच्या कमिटीनं आधी म्हनलं पाहिजे, यानं केलं नाही.

११ मे
अकरा वाजता कमिटीची मीटिंग. से.ले बॅच बंद करायले कारणच पाहिजे. बाबाचं नाव घेतलं त तो म्हणन, घरचा माणूस आणून तुमीच खराबी केली. बॅच गेली. बाबा पुन्हा भिंतीकडे तोंड करून. नाही घेतलं त दे.वर आळ तसाच. मशीनच जुनी आहे म्हणू का? सगळ्याईले पटन. से.लेही पटन. छी.
पुष्पाताईंचा फोन. "उद्या उतरता येईन न वं?" पाहू म्हनलं.
बाबा टोपी घालून फाटकात उभे, मघापासून हाका मारून राहिले. गाडी काढली त म्हणतात, "देविदासले काढलं कोनं? गरीब पोरगा होता बिचारा. ज्यानं त्याच्यावर आळ घेतला न, त्याले दाखव मले एकडाव. सोडत नाही मी त्याले."
"बसा गाडीवर. कमिटीतच दाखवते त्याले," म्हनलं.