बदलीचंच माणूस पाहिजे

१२ एप्रिल १९७१, सोम. श्रीगोंदा.
शाळेत कायम झाले! हेडसरांनी कागद हातात दिला. आता आधी खोली, मग मंगल. जूनमध्ये पहिलीत घालायची, ती माझ्याजवळ ठेवूनच. दोन वर्षं झाली पोर मिरजगावला जाऊबाईंकडे आहे. इथे शिंदेबाईंच्या पडवीत माझीच वळकटी कशीबशी मावते.

१४, बुध.
पेठेतल्या आबांची माडी रिकामी आहे कळलं. गेले. मीच मूर्खासारखा तो कायमचा कागद पुढे केला. वाटलं, वजन पडेल. आबांनी वाचला, घडी घालून परत दिला.
"म्हंजी तुमची बदली न्हाई व्हायची?"
"नाही, संस्थेची एकच शाळा आहे."
"मंग न्हाई जमायचं बाई. कुळकायद्यात जमीन गेली, आता माडीबी घालवू का? आमाला बदलीचं मानूस लागतं. आलं, ऱ्हायलं, गेलं."
तीन वर्षं कायम व्हायला झिजले ती ह्यासाठी?

१८, रवि.
आणखी दोन ठिकाणी तेच. तिसरीकडे म्हातारीने विचारलं, मालक कुठं असत्यात? म्हटलं फौजेत, जम्मूकडे. "मंग एकटीच व्हय!" दार लोटलं. आबांची माडी अजून रिकामीच. तिथे कबुतरं चालतात, मी चालत नाही.

२६, सोम.
हेडसरांना म्हटलं, नोकरी तात्पुरती आहे अशी चिठ्ठी द्या. "बाई, खोटं कसं लिहू? आत्ता तर कायम केलं." वर हसले. ह्यांना हसायला काय जातंय!
जम्मूचं पत्र आलं. हे विचारतात, खोली घेतली का? जसं काही बाजारात वांगी मिळतात तशा खोल्या मिळतात.

२ मे, रवि.
मिरजगाव. मंगल अंगणात पडली, गुडघा फुटला. मी उठले तोवर "आई, आई" करत जाऊबाईंच्या कुशीत शिरली. त्या बिचाऱ्या ओशाळल्या. "आमच्या पोरांचं ऐकून म्हनतीया, मनावर घिऊ नका." त्यांचा काय दोष? गोठ्यामागे जाऊन रडले. यंदा नेली नाही तर ती माझी राहायची नाही.

६ जून, रवि.
शाळा आठ दिवसांवर. पुन्हा आबांकडे. भांडलेच. "तुमची माडी काय डोक्यावर घेऊन पळून जाणार आहे मी?" आतून काकू म्हणाल्या, "अवो, द्या की. लेकरासाठी तरफडतीया ती."
आबांनी तंबाखू मळून गालात धरली. मग म्हणाले, एक कागद लिहून द्या. 'मी राजीखुशीने माडी सोडून जात आहे.' खाली सही.
"आणि तारीख?"
"ती कोरी ठिवा. आमी घालू, लागंल तवा."
राजीखुशीने म्हणे! लिहून दिला. चांगल्या वळणदार अक्षरात. आबांनी तो कपाटात ठेवला, किल्ली मिळाली.

१३, रवि.
मंगलला आणलं. जाऊबाई एसटीपर्यंत आल्या, दोघी गळ्यात पडून रडल्या. मी पिशव्या धरून उभी, चोरासारखी.
माडी तिने दोनदा फिरून पाहिली. खिडकी आवडली. पण पेटीतले कपडे काढू देईना.
"हितं किती दिस ऱ्हायचं?"
"खूप."
"खूप म्हंजी किती?"
तारीख खाली आबांच्या कपाटात आहे. पोर तशीच पेटीवर बसून माझ्याकडे बघते आहे.