गोजाक्काचं मिटलेलं तोंड

थेरगाव,
ता. ३ फेब्रुवारी १९५७

थोरल्या बहिणीस, गोजाक्कास, सगुणाचा दंडवत.

आम्ही इकडे बरे आहोत. रंभाचा खोकला गेला. म्हैस व्याली, रेडकू झालं. तू चऱ्होलीला बरी असशील, नसलीस तर कळव. माझं अक्षर चौथीपर्यंतचंच आहे, लावून वाच.

दिवाळीपासून मी पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात जाते. इंजेक्शनच्या बाटल्या दिव्यासमोर धरायच्या आणि आत केस, कचरा आहे का ते बघायचं. समोर रोशनबी बसते. महिनाभर मला वाटत होतं, ही बाई माझ्यावर डोळे वटारते. परवा उठून भांडलेच. "काय खाल्लं गं मी तुझं?"

ती म्हणाली, "अगं बये, मी बाटलीकडं बघते. बाटलीमागं तू बसलीस, त्याला मी काय करू?"

सगळ्या बाया हसल्या. मी नाही हसले. मला तू आठवलीस.

धाकटा बारा दिवसांचा होऊन गेला ना, त्यानंतर मला सगळी तोंडं एकसारखी दिसायची. रागावलेली. रंभा दुपारची झोपलेली असली तरी वाटायचं, पोर माझ्यावर रुसलीय. त्यातच तू खण-नारळ घेऊन माझी ओटी भरायला आलीस. दारात गप्प उभी, ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं, हिला माझी किळस येते. नारळ अंगणात भिरकावला आणि तुला चालती हो म्हटलं.

अक्का, तुझ्या ओठाच्या कडेला काळं होतं. आत्ता आठवतं. तोंडात मिश्री होती तुझ्या. चऱ्होलीहून चालत आलेल्या बहिणीला मी चूळ भरायला पाणीसुद्धा दिलं नाही.

चूक माझी. पण दौलतदाजींना सांग, मला देवऋषाकडे न्यायचं नाव काढू नका. मला कुणी झपाटलेलं नाही. माझं लेकरू गेलंय. लिंबू उतरवायला आणलंत तर त्याचं लोणचं घालीन.

अजून काही दिवशी तोंडं तशीच दिसतात. आता मी सरळ विचारते, "रागावलीस का गं?" बाया म्हणतात, सगुणाचं डोकं फिरलं. म्हणू देत. मी विचारणारच.

नारळ घेऊन पुन्हा ये. दारात तांब्या भरून ठेवते, आधी चूळ भर. मग बोल. हव्या तर शिव्या दे. तुझं तोंड मला वाचता येत नाही, शिव्या मात्र नीट कळतात.

दारात वाट बघणारी,
तुझीच
सगुणा