केटलीतला एक फटकारा

३ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची! दोन ट्रंका, एक इझल, रंगांचा डबा आणि मी. हमाल म्हणाला, आजी तुम्ही बसा, मी नेतो. आजी असेल तुझी, म्हटलं, आणि एक ट्रंक त्याच्या आधी तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवली. आता कंबर बोंबलतेय. बोंबलू दे.

खोली अगदी मनासारखी. उत्तरेची मोठी खिडकी, दिवसभर एकसारखा मऊ उजेड. खिडकीला डासांची जाळी पक्की ठोकलेली आहे, उघडत नाही, पण उजेडाला त्याचं काय! खिडकीखाली जाड लाकडाचं टेबल, पाय जमिनीत स्क्रूने आवळलेले. दाराला घंटा नाही. कुणी आलं की रस्त्यावरून हाक मारायची, आपण खिडकीतून ओ द्यायची आणि खाली जाऊन दार उघडायचं, असा इथला कारभार. घरमालकीणबाई तळमजल्यावर एकट्याच राहतात, रविवारी भाचीकडे जातात. उजवा हात कायम शालीत. थंडी तर मुळीच नाहीये.

पोचते न पोचते तोच धाकट्या बहिणीचा फोन. नकाशांच्या कचेरीत एकतीस वर्षं रेघा ओढल्यास ताई, आता निवृत्त झालीस तर घरी बस ना गप, हे कसलं खूळ, वगैरे वगैरे. तिचं पालुपद मला पाठ आहे. एकतीस वर्षं मी केसाएवढ्या रेघा ओढल्या. नदी, ओढा, पायवाट, एकही वळण सुटायचं नाही. ऑफिसात मला ‘केसाएवढी’ म्हणूनच ओळखायचे. आता मला जाडा ब्रश घेऊन सैल, ऐसपैस रंगवायचंय. खूळ तर खूळ.

मालकीणबाई जाता जाता एक विचित्र बोलल्या. या टेबलावर काही मांडून काढणार असाल तर नीट काढा, सगळं काढा, काही गाळू नका. आधीची भाडेकरूही चित्रं काढायची म्हणे. मी मान डोलावली. मनात म्हटलं, गाळणारच. त्यासाठीच तर आलेय!

४ तारीख, मंगळवार

मांडणी साधीच केली. घासून लख्ख केलेली ॲल्युमिनियमची केटली, धाकटीने निवृत्तीला दिलेला कप, दोन कांदे, एक लिंबू. मागे निळं फडकं.

टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला मातकट तांबडा कॅनव्हासभर फासला, पुसून घेतला, आणि उचलला मोठा चपटा ब्रश. शिकवणीचे मास्तर सांगायचे, डोळे किलकिले करा, जे दिसेनासं होईल ते काढूच नका. केले किलकिले. कांदा दोन फटकाऱ्यांत, लिंबू एकात. कपाचा कान उगाच लुडबुडत होता, उडवला. केटलीच्या पोटात खिडकी दिसत होती आणि खिडकीपुढे मी, कमरेपर्यंत. खिडकीला पांढरा ठिपका, मला एक करडा फटकारा. उभा, ओला, झकास. तोंड नाही, हात नाही, तरी बघावं तर मीच! इतकी खूश झाले की एकटीनेच टाळ्या पिटल्या.

दीड तासात चित्र पुरं. आख्ख्या नोकरीत एवढी मजा आली नव्हती.

५ तारीख, बुधवार

सकाळी चहा ओतायला कप घेतला तर त्याला कान नाही. तुटला म्हणावं तर टवका नाही, तुकडा नाही. ती जागा गुळगुळीत. बोट फिरवून फिरवून बघितलं.

दुपारी कांदा चिरला. आत पदरच नाहीत. सगळा एकसंध गोळा, फिकट जांभळा, एका बाजूने उजळ, मी रंगवला होता तस्सा. वास नाही, डोळ्यांत टिपूस नाही. लिंबू कापलं तर आरपार पिवळं. बी नाही, रस नाही.

घाबरले. लिहायला लाज कसली? मग मात्र संताप आला. माझा कप आहे तो! चित्र अजून ओलंच होतं, तेलरंग वाळायला चार-पाच दिवस तरी घेतोच. बारीक ब्रशने कपाला कान काढून दिला आणि हात धुवायला गेले. परत येते तर कपाला कान. जरा वाकडा. मी काढलेला तेवढाच वाकडा.

६ तारीख, गुरुवार

सकाळीच खाली जाऊन मालकीणबाईंना धरलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग शाल बाजूला केली. उजव्या हाताला अंगठा आहे, पण चार बोटांच्या जागी एकच पट्टा, टोकाला गोल. जखम नाही, व्रण नाही. आधीच्या भाडेकरूसाठी टेबलावर फळं मांडत होत्या, तिने तो हातही चित्रात घेतला, दोन फटकाऱ्यांत. त्या टेबलावरचं चित्रात जसं उतरतं तसं ते होतं म्हणे. रंग ओला आहे तोवर बदलता येतं, वाळला की संपलं. ते चित्र वाळल्यावर तिने त्यावर कितीदा तरी बोटं काढून पाहिली, काही झालं नाही.

हे आधी सरळ सांगायला काय धाड भरली होती, मी तोंडावर विचारलं. सांगितलं असतं तर खोली घेतली असतीत का, म्हणाल्या.

जिना चढताना मधल्या पायरीवर थबकले. केटली टेबलावर आहे. आणि केटलीत मी.

धावत वर आले, धाकटीला फोन लावायला अंगठा टेकवला तर फोन उघडेना. अंगठा पुसला, पुन्हा टेकवला. मग खिडकीशी नेऊन बघितला. त्यावर एकही रेषा नाही. तळहात कोरा.

७ तारीख, शुक्रवार

नाक बसलंय. आरशात गाल, कपाळ सगळं एकच करडं. डोळे आहेत, पण पाण्यातून बघितल्यासारखे. उजव्या हाताची दोन बोटं चिकटली, पेन कसंबसं धरतेय.

आकडे दाबून फोन उघडला, धाकटीला सगळं सांगितलं. आधी तिला चेष्टा वाटली, मग ढसाढसा रडली. जाळून टाक ते चित्र, म्हणाली. जाळून! त्यात मी आहे ना, माझे आई. बरं, पळून जावं तर तो फटकारा इथे वाळत बसणार. मुळीच जाणार नाही. माझं तोंड मीच पुसलं, मीच काढणार. केसाएवढी म्हणायचे ना मला? आता बघाच.

आरसा निकामी, म्हणून तिला म्हटलं, मी कशी दिसते ते सांग. ती सांगत गेली आणि मी सर्वांत बारीक ब्रशने काढत गेले. कानाच्या पाळ्या लोंबत्या. नाक आजीचं. हनुवटीवर खूण, झोपाळ्यावरून तिनेच ढकललं होतं, इतक्या वर्षांत आज कबूल केलं. तीळ कुठल्या गालावर ते मात्र तिला आठवेना. पन्नास वर्षं समोरासमोर बसून जेवलो गं आपण! फार लागलं मनाला. मग मीच डाव्या गालावर दिला.

रविवारी सकाळी येते, म्हणाली. घेऊनच जाते तुला, दुपारच्या बसने.

८ तारीख, शनिवार

नाक आलं! तीळ आला. बोटं सुटली, पाचच्या पाच. अंगठ्यावरच्या रेषा सोडून दिल्या, तेवढी केसाएवढी मीही नाही.

रंग चिकट होत चाललाय. सकाळपासून तळपाय बधिर आहेत, बसून बसून झाले असतील. मालकीणबाई वर आल्या, माझा हात आपल्या डाव्या हातात घेतला, बोटं एकेक करून मोजली आणि खाली गेल्या. त्यांच्यासाठी जीव तुटला.

ओठ शेवटी काढले. घट्ट मिटलेले, टोकं जरा खाली. हट्टी. धाकटी म्हणते ना, तोंड मिटून बसलीस की देवाचंही ऐकत नाहीस, अगदी तसे. काय जमलेत! ओठांना मुंग्या येताहेत, म्हणजे लागू पडलं. आता इथेच खुर्चीत बसते, मांडीवर पांघरूण घेऊन. चित्रावरची नजर हलवायची नाही. उद्या तिला दाखवते, ताई काय चीज आहे ते.

९ तारीख, रविवार

उठायला गेले — पांघरुणाखाली काही नाही. चाचपलं. नुसती खुर्ची.

केटलीत मी कमरेपर्यंतच. पाय काढलेच नाहीत. सुचलंच नाही —

केटलीचं पोट तिथेच संपतं. काढायला जागाच —

मालकीणबाई भाचीकडे गेल्या. घरात कुणी नाही.

हाक आली. खालून. ताई, ए ताई! तीच. आली गं बाई, आली —

ओ द्यायला गेले आणि तोंड उघडेना. ओठ आहेत. मधे फटच नाही. मिटलेलेच काढले ना मी. हौस!

जाळीवर मूठ मारली. टेबल बडवलं. रस्त्यावर गाड्या. तिला काय ऐकू येतंय.

फोन वाजतोय. कॉटवर. चार पावलं. पावलं कुठली आणू —

दुसरी हाक. आता कुणाशी तरी बोलतेय. घर बंद दिसतंय म्हणतेय. घाबरलीय, आवाज कापतोय तिचा.

रंगाला बोट लावून बघितलं. चिकट. वाळला नाही अजून. नाही वाळला!

बारीक रेघेला वेळ नाही. जाडा ब्रश. गडद तांबडा. ओठांच्या मधोमध. सैल तर सैल, वेडंवाकडं तर वेडंवाकडं, पण हे एवढं मोठं तोंड, आख्ख्या रस्त्याला ऐकू —

पावलं वळली तिची. थांब गं धाकटे. एकच फटकारा. मग बघ कशी ओ दे