डिझेलला चढलेला ताप

हिंगणी, वैशाखातला शनिवार

तीर्थस्वरूप पुंडलिकदादांच्या चरणी धाकट्या गोपिकेचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? एरंडाची पानं गरम करून बांधता की पुन्हा त्या गोळ्या सुरू केल्या? शोभावहिनींनाही नमस्कार सांगा. त्यांच्या लोणच्याची बरणी केव्हाच संपली, पण दिलेली बरणी रिकामी कशी परत करावी म्हणून ठेवून घेतली आहे. इकडे गजानन माऊलीच्या कृपेने माणसं सगळी ठणठणीत आहेत. आजारी आहे ते फक्त डिझेल.

हसू नका दादा. तुम्ही तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढली, पण डिझेलला ताप येतो हे तुमच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. फोनवरच सांगितलं असतं, पण आमच्या घरचा फोन यांच्या खिशात असतो आणि बाहेर निघाला की स्पीकरवरच बोलतो. म्हणून हे पत्र. आमच्या गावच्या नत्थूची सून मेघा आजच माहेरी समुद्रपूरला येत आहे, तिच्याजवळ काकड्यांची पिशवी दिली आहे, तिच्या तळाशी ठेवते. (काकड्या चौदा आहेत. मोजून घ्या, मेघाला प्रवासात भूक लागते.)

झालं असं की मागच्या दिवाळीत सेलूच्या चौकात नत्थूच्या पिकअपने आमच्या पिकअपला मागे टाकलं. त्याच्या गाडीत फुलकोबी होती, आमच्या गाडीत वांगी. फुलकोबी वांग्याच्या पुढे गेली, हे यांच्या मनाला असं लागलं की आठ दिवस ताटातल्या वांग्याला हात लावला नाही. नवव्या दिवशी गाडी प्रफुल्ल मिस्त्रीकडे. त्याने लॅपटॉप लावून इंजिनाच्या डोक्यात काहीतरी नवीन लिहिलं, नालीच्या पाइपाएवढा सायलेंसर बसवला, रुंद टायर चढवले आणि दगड लागू नये म्हणून टाकीखाली लोखंडी पत्रा ठोकला. गाडी परत आली तेव्हा सासूबाई ट्रक आला म्हणून दाराआड झाल्या. थंडीभर गाडी अशी पळाली की वांगी वर्ध्याला फुलकोबीच्या आधी पोचायची. माणसाला सुखासाठी एवढंही पुरतं!

चैत्र तापला आणि लक्षण फिरलं. सकाळची खेप नीट जायची, पण दुपारच्या खेपेला गाडी निम्म्या वाटेत बैलगाडीसारखी चालू लागायची आणि एखाद्या कडुलिंबाखाली बसकण मारायची. अर्धा तास विसावा घेतला की पुन्हा सुरू. गाडीचा विसावा होतो, पण पालकाचं काय होतं? वर्ध्याच्या अडतीवर धर्मेंद्रशेठने जुडी वर धरून चार लोकांत विचारलं, "बंडूजी, हे पालक होय का वाळवण? आणखी एक डाव असा माल आणला तं मी दुसरा माणूस पाहून घेतो." दादा, आमचं सगळं वावर त्या एका अडतीवर उभं आहे. सात वर्षांत त्या शेठने आम्हाला कधी असं बोलून दाखवलं नव्हतं. त्या दिवशी हे घरी आले आणि पाणीसुद्धा मागितलं नाही.

प्रफुल्लला बोलावलं. त्याने टाकीवर हात ठेवला, हात झटकला आणि मला समजावलं, "काकू, डिझेल तापून राह्यलं. पंप जेवढं वढते तेवढं सारं इंजिन पेत नाई. उरलेलं गरम होऊन टाकीत वापस येते. गरम डिझेल पातळ होते, मंग गाडीचं कॉम्प्युटर घाबरून जोर कमी करते." उपाय म्हणून डिझेलसाठी वेगळा कूलर मागवायचा म्हणाला. मी साफ नाही म्हटलं. घरात सहा माणसांना मिळून एक कूलर, आणि डिझेलला स्वतंत्र? तुम्हाला माहीत आहे, वायफळ खर्च मला खपत नाही. टाकीच्या झाकणाची किल्लीसुद्धा माझ्या कमरेला असते. रोज सकाळी किल्ली द्यायची, दोन खेपांपुरतं मोजून दहा लिटर भरायचं, पावती आणायची, किल्ली परत. भरलेली टाकी म्हणजे उघडा लाडवाचा डबा, येणारा-जाणारा हात घालतो.

मग यांनी स्वतःच इलाज सुरू केले. आधी ताप किती ते पाहायला घरातलं काचेचं थर्मामीटर दोऱ्याला बांधून टाकीत सोडलं. पारा पार वरच्या टोकाला. हे अंगणातून ओरडत आले, "एकशे आठ! एकशे आठ!" सासूबाई माळ घेऊन बसल्या होत्या, त्यांना हा दृष्टान्तच वाटला, त्यांनी पिकअपला हात जोडले. (दुसऱ्यांदा सोडताना दोरा तुटला. थर्मामीटर अजून टाकीतच आहे. आता कोणाला ताप आला तर मी कपाळाला हात लावून पाहते.) दुसऱ्या दिवशी घरच्या कूलरची खस निघून टाकीभोवती गेली आणि आमचा कूलर आम्हाला गरम वारा घालू लागला. मी विचारलं, तर म्हणतात, "तू घरात सावलीत असतं. ते बिचारं उन्हात फिरते." एकोणीस वर्षांच्या संसारात माझ्यासाठी 'बिचारी' हा शब्द कधी निघाला नाही.

मंगळवारी कहर झाला. मी पूजेला बसले तर देवघरात महादेवाच्या पिंडीवरची गळती गायब! आईने दिलेली, तळाला भोक असलेली तांब्याची लोटी, जी मी चैत्रापासून पिंडीवर धरते. पाहते तर अंगणात पिकअपच्या फळीला टांगलेली, आणि टाकीला गुंडाळलेल्या खसेवर थेंब थेंब अभिषेक चाललेला. म्हणतात, देवाला गारवा मिळतो, डिझेलला का मिळू नये? देव काही बोलत नाही, म्हणून सगळे त्याच्याच वाट्याचं उचलतात. मी पिंडीवर वाटीने पाणी घातलं. त्या दुपारीही गाडी बंद पडलीच. मग बुधवारी सकाळी यांनी गळतीच्या भोकातली वात काढून बारीक घातली, धार वाढवली.

आणि दादा, बुधवारपासून आजपर्यंत गाडी एकदाही बंद पडलेली नाही. काल धर्मेंद्रशेठने पालकाला नाव ठेवलं नाही. (कौतुकही केलं नाही, पण शेठ लोकांचं न बोलणं हेच कौतुक.) यांची मान अशी ताठ झाली आहे की टोपी सरळ बसत नाही. गावातल्या तीन पिकअपांना आता गळती लागल्या आहेत, फुलकोबीवाल्या नत्थूच्याही. काल एक जण हिंगणघाटाकडून विचारत आला की गळती बांधताना मंत्र कोणता म्हणायचा. हे म्हणाले, "मंत्र नाई, टेक्निक आहे." सासूबाई रोज टाकीवर बेलाचं पान ठेवतात, ते सेलूच्या आधीच उडून जातं. तर एकूण आमचं बरं चाललं आहे. गुडघ्याची काळजी घ्या.

तुमची,
गोपिका

ता.क. – बरं चाललं आहे ते गळतीने नाही. मंगळवारी संध्याकाळी भजी तळत होते. कढईत तेल थोडं उरलं तर लगेच धूर सुटला, वाढवून ओतलं तर निवलं. झारा खाली ठेवला. लगेच डिझेलच्या पावत्यांची वही काढली. रामनवमीला पेट्रोलपंप बंद राहणार अशी आवई उठली होती, तेव्हा यांनी मला न विचारता टाकी भरून आणली होती, आणि आम्ही दोन दिवस बोलत नव्हतो. त्या दोन दिवसांत गाडी एकदाही बंद पडलेली नाही. म्हणजे दुपारच्या खेपेला टाकीत उरलेलं चार-पाच लिटर डिझेलच फिरून फिरून तापत होतं, आणि ते तेवढंच ठेवणारी मी. बुधवारपासून हे आंघोळीला गेले की शेतातल्या इंजिनाच्या डिझेलची कॅन आणून मी गुपचूप टाकीत ओतते. देवापुढे कबूल केलं आहे. यांच्यापुढे तोंड उघडत नाही, आणि आता उघडलं तर त्यांची टोपी पुन्हा खाली येईल.

दुसरं ता.क. – गाडी आता जोरात पळते तशी पितेही जास्त, कॅन सोमवारी सरते. मंगळवारी गाडी बंद पडली तर अडत गेली. म्हणून उद्या रविवारी जेवणाच्या वेळी यांना फोन करा. स्पीकरवरच असेल, सगळे ऐकतील. सहज विचारल्यासारखं गाडीचं विचारा आणि आपणहून सांगा की वर्कशॉपात आम्ही टाकी कधी रिकामी होऊ देत नव्हतो. इंजिनाच्या बाबतीत माझा शब्द इथे चालत नाही, तुमचा खाली पडत नाही. मी मधे 'दहाच लिटर पुरे' म्हणीन, तेव्हा मला एकदा रागवा. जास्त नको, सासूबाई ऐकत असतात.

तिसरं ता.क. – आणि दादा, 'टाकी फुल्ल ठेवा' असं म्हणू नका. अर्धीच म्हणा. अर्ध्या टाकीवर गाडी बंद पडत नाही. गुरुवारी आणि शुक्रवारी मी मोजून ओतलं आहे.