शवपेटी फाटकापर्यंत पोहोचेतो स्तोत्र संपू नये

प्रति,
प्रमुख धर्मगुरू,
चर्च कार्यालय, गिरगाव, मुंबई.

विषय : अंत्यविधीचे लॅटिन स्तोत्र जुन्या, संथ चालीत म्हणण्याचा आदेश मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा याच विषयाचा दि. ३ मार्च २०२५ चा अर्ज (उत्तर मिळालेले नाही).

आदरणीय फादर,

१. अर्जदार चाळीस वर्षे आपल्या गायकवृंदात होता. सध्याचे प्रमुख श्री. नील रिबेलो हे अर्जदाराचे चिरंजीव. दोघे एकाच खोलीत राहतात, पण फेब्रुवारीपासून बोलणे बंद असल्याने हा अर्ज कार्यालयामार्फत करावा लागत आहे.

२. अर्जदाराच्या पिढीत वाद्यांशिवायचे हे स्तोत्र एकेक स्वर तोलून, ओळीगणिक थांबत म्हणत. नील ते बोलल्यासारखे, सलग म्हणवतो. फेब्रुवारीत अर्जदाराची पत्नी मार्था हिची शवपेटी नेताना स्तोत्र मधल्या खांबापाशीच संपले. तिथून फाटकापर्यंत नुसते बुटांचे आवाज. तिला पळवून लावल्यासारखे वाटले.

३. याबाबत विचारता नीलने उत्तर दिले, "पप्पा, मग उचलणाऱ्यांना सांगा ना भराभर चालायला." तेव्हापासून अबोला आहे.

४. दि. २७ एप्रिल रोजी अर्जदाराने स्वतः स्तोत्र म्हणत चार सभासदांकरवी चर्चचे एक रिकामे बाक वेदीपासून फाटकापर्यंत दोनदा वाहून नेले. जुन्या चालीत बाक आणि स्तोत्र एकदमच फाटकाशी आले. नव्या चालीत बाक निम्म्या वाटेत राहिले. दुसऱ्या खेपेस बाकाचा पाय निखळला, तो अर्जदाराने स्वतः बसवून दिला आहे. त्यासाठी कोणास दोष देऊ नये.

५. नील वाईट गातो असे मुळीच म्हणणे नाही. तो अर्जदारापेक्षा चांगला गातो, आणि हेच जास्त सलते. शिवाय मार्थाच्या अंत्यविधीला स्तोत्र संपल्यावर अर्जदारानेच पुढे गायला तोंड उघडले होते, पण आवाज फुटला नाही. हे नीलला माहीत नाही.

६. येत्या मंगळवारी परळच्या रुग्णालयात अर्जदाराच्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर खात्री देत नाहीत. बरेवाईट झाल्यास अर्जदारास हरकत घेता येणार नाही, म्हणून आजच विनंती की, तेवढ्या एका दिवशी नीलने जुन्या चालीत गावे. अर्जदारामागे ती त्याच्याखेरीज कोणाला येत नाही. एरवी त्याने हवे तसे गावे.

७. गाताना त्याचा कंठ दाटला, तर इतरांनी पुढे गाऊ नये. शवपेटी उचलणाऱ्यांनी जागच्या जागी उभे राहावे आणि त्याला हवा तेवढा वेळ द्यावा. अर्जदारास त्या दिवशी कोणतीही घाई असणार नाही.

मंगळवारपूर्वी उत्तराची वाट पाहणारा, आपला नम्र सभासद,
(सही)
इनास रिबेलो
दि. १६ मे २०२५

सोबत : १) रुग्णालयाचे पत्र. २) श्वासाच्या जागा खुणा करून दाखवलेली वही (नीलला द्यावी).