गप बसलेला उंदीर

प्रिय आई,

फोनवर प्रज्वलचं नाव काढलं की तू रडते अन् फोन ठेवून देते. म्हणून लिहून राहिली. मनकर्णा मावशी आज उमरेडले परत निघाली, तिच्याच हाती पाकीट देते. रागावू नको वं, पण पूर्ण वाच.

नागपुरात राहून उंदरांशी खेळून तुले काय भेटलं, असे टोमणे तू मले नेहमी मारते. ऐक तर मग. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही उंदराले कोकेन देतो. तीच पावडर, जी आपल्या प्रज्वलले डीजेच्या पार्ट्यांत लागली. उंदीर पिसाळल्यासारखा पळत सुटते. आधी गुंगीचं औषध दिलं तर मात्र गप बसते. आमचे सर असे खूश, जसं लग्नच जमलं! व्यसनावर औषध लागू पडलं म्हणे.

पण पिंजऱ्याले दोन खोल्या असतात, एकीच्या भिंतीवर पट्टे, दुसरी साधी, अन् कोकेन आम्ही पट्ट्यांच्या खोलीतच देतो. नंतर काहीच न देता मधलं दार उघडलं, तर तो गरीब गाय झालेला उंदीर सरळ पट्ट्यांच्याच खोलीत जाऊन बसला. दुसराही तसाच. गुंगीनं पाय थांबले होते आई, ओढ नाही. सर म्हणाले, हे लिहू नको. म्या लिहिलं. विचार कर म्हणाले, केला म्हटलं.

रविवारी घरी आली तर तू मावशीले सांगत होती, पोरगा आता भांडत नाही, काही फोडत नाही, देवच पावला. मले तो बरा नाही वाटला. डोळे उघडे अन् आत माणूसच नाही. अन् दिवे लागल्यावर चप्पल घालून गेलाच नं नाक्यावर, पावडर आणाले?

त्याच्यासाठी वेगळा झाकून ठेवलेला चहा त्या दिवशी म्या पेला. तू अंघोळीले गेली होती. दिवेलागणीपर्यंत मले शुद्ध नव्हती. आई, असलंच औषध मी रोज हाताळते, मले कळणार नाही काय? बाहेरून पावडर घेऊन आला अन् पोटात तुझी गोळी असली, तर झोपेतच त्याचा श्वास थांबू शकते. तुले पोरगा घरात पाहिजे, समजते मले. मलेही भाऊ पाहिजे. उद्या पहिल्या बसनं येते. तिघं मिळून डॉक्टरकडे जाऊ. किती दिवसांपासून देऊन राहिली, हे त्याच्यासमोर तूच सांग. तुले नाही जमलं तर मी सांगीन, पण सांगीनच. आज मात्र त्याचा अन् तुझा चहा एकाच भांड्यातून गाळ, अन् त्याच्या आधी तू पी.

तुझीच हट्टी
प्रणाली